प्रायव्हेट आणि पब्लिक : खासगी बाजारात उभं राहून



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेत आपण आज जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं. म्हणून विषय इंग्रजीचाच घ्यावा असं मनात आलं, आणि त्यातले दोनच शब्द मी निवडले. प्रायव्हेट आणि पब्लिक. तुम्ही म्हणाल, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? हे शब्द तर टेंपोवाल्यालाही येतात. खरं आहे. प्रायव्हेट नोकरी, प्रायव्हेट दवाखाना, प्रायव्हेट गाडी. पब्लिक स्कूल, पब्लिक टॉयलेट, आणि मेळ्याला जमलेलं पब्लिक. घरात आपण मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी बोलतो, आणि हे दोन शब्द दोन्हीकडे तसेच नेतो. फरक एवढाच, की आपल्या मराठीत 'पब्लिक खूप होतं' आणि इथल्या हिंदीत 'पब्लिक बहुत थी'. एका उंबरठ्यावर शब्दाचं लिंग बदलतं.

आता आपण ग्वाल्हेरात बसलो आहोत कुठे, ते पाहा. खासगी बाजारात. बाजार म्हणजे कोणीही यावं, कोणीही जावं अशी जागा, आणि तिच्या नावात खासगी! या नावाचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करा. प्रायव्हेट मार्केट. ऐकणारा बुचकळ्यात पडेल. बाजार आणि प्रायव्हेट? पण ज्यांनी हे नाव ठेवलं आणि जे पिढ्यानपिढ्या ते घेत आले, त्यांना त्यात काहीच खटकलं नाही. आपल्याच आसपास चिटणीस की गोठ आहे, महाडिक की गोठ आहे, फालका बाजार आहे. मराठी सरदारांची आणि मराठी दप्तरांची नावं इथल्या हिंदीने सांभाळून ठेवली आहेत. खासगी हेही दप्तराचंच नाव. ते का खटकलं नाही, यातच माझं आजचं म्हणणं आहे. इंग्रजी प्रायव्हेट हा शब्द विचारतो, आत कोणाला येता येईल? मराठी राज्यकारभारातली खासगी विचारत असे, हा खर्च कोणाच्या खात्याचा? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. गेल्या दीडशे वर्षांत आपण ते एकच समजू लागलो, आणि त्यातून आपलं पुष्कळ नुकसान झालं.

आधी इंग्रजीचं पाहू. प्रायव्हेट हा शब्द लॅटिनमधून आला. रोमन लोकांत ज्याच्याकडे राज्याचं कोणतंही पद नाही, तो माणूस या विशेषणाचा धनी. मुळात अर्थ वंचित होण्याचा, बाजूला काढलं जाण्याचा. पब्लिक आलं लोक या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे रोमन मनाला मोठेपणा पब्लिकमध्ये होता. प्रायव्हेट म्हणजे जे उरलं ते. इंग्रजांच्या पलटणीत याची खूण अजून शिल्लक आहे. तिथे सगळ्यांत खालच्या, कोणताही हुद्दा नसलेल्या शिपायाला प्रायव्हेट म्हणतात.

आता आपल्या बखरी उघडा. तिथे खासा कोण? खासा म्हणजे धनी स्वतः. खाशी स्वारी निघाली म्हणजे खुद्द मालक घोड्यावर बसले. अरबी-फारसीतून आलेल्या या खास शब्दात निवड आहे, वरचा दर्जा आहे. त्याचा जोडीदार आम. आग्ऱ्याच्या किल्ल्यात दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आता विचार करा. कोशात प्रायव्हेटसमोर खासगी लिहिलेलं असतं. पण एका शब्दाने पलटणीतला शेवटचा शिपाई दाखवला, दुसऱ्याने पलटणीचा धनी. ग्वाल्हेरच्या या भागाचं नावच लष्कर, म्हणून इथे हा फरक मुद्दाम सांगायला हवा. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, तळाचं शहर झालं, आणि राहुट्यांबरोबर मराठी कारभाराचे शब्दही कायमचे उतरले.

त्या कारभारात खासगी म्हणजे काय होतं? धन्याच्या घरखर्चाचं, त्याच्या स्वतःच्या मिळकतीचं खातं. त्याच्यासमोर दौलत. दौलत म्हणजे राज्य. फौज, किल्ले, महसूल. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायचे, दोन्हींचे कारकून वेगळे. पेशव्यांची खासगी सांभाळणाऱ्या घराण्याचं आडनावच खासगीवाले झालं. त्यातल्या जिवाजीपंतांनी १७३४ च्या सुमारास पुण्यातली शुक्रवार पेठ वसवली. खासगीचा कारभारी आणि त्याच्या हातून वसते ती सगळ्या गावाने राहायची पेठ! हे लक्षात ठेवा, या घराण्याकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

खासगीचं सगळ्यांत ठळक उदाहरण मात्र शिंद्यांचं नाही, होळकरांचं आहे. ग्वाल्हेरात उभं राहून होळकरांची थोरवी सांगतोय, याबद्दल कोणी रागावू नये. त्याच १७३४ साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी जहागीर लावून दिली. मल्हाररावांना नव्हे, त्यांच्या पत्नीला. सरदाराचा सरंजाम सरदाराकडे, आणि घरच्या बाईचं उत्पन्न बाईच्या नावाने, बाईच्या ताब्यात. गौतमाबाईंच्या पश्चात ती खासगी अहिल्याबाईंकडे आली. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, त्यानंतर महेश्वरला बसून अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत दोन्ही खाती चालवली. दौलत आणि खासगी.

आणि खासगीतून त्यांनी काय केलं? काशीला विश्वेश्वराचं आजचं देऊळ १७८० मध्ये उभं राहिलं. काशीचे घाट, गयेचं विष्णुपद मंदिर, सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर. वाटेवर विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. यातला बहुतेक भाग होळकरांच्या राज्याबाहेर आहे. तिथे त्यांचा अंमल नव्हता, तिथल्या रयतेकडून त्यांना एक पै महसूल यायचा नव्हता. तरी घाट बांधला, आणि त्यावर उतरणाऱ्याला तू कोणाची रयत असं कोणी विचारलं नाही. तुळशीपत्र ठेवून त्यांनी ही खासगी धर्मकार्याला वाहिली, असं परंपरा सांगते. आता सांगा, हा घाट प्रायव्हेट की पब्लिक? पैसा कोणाचा हे विचाराल तर पूर्ण खासगी. पायऱ्या कोणासाठी हे विचाराल तर पूर्ण सार्वजनिक. इंग्रजी जोडी इथे अडखळते. मराठी जोडी अडखळत नाही, कारण मराठीत खासगीची जोडी दौलतीशी होती, सार्वजनिकाशी नव्हतीच.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतिहासाच्या तासाला सोडली असती. ती संपलेली नाही. संस्थानं विलीन झाली, २८ मे १९४८ रोजी याच ग्वाल्हेरात पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारताचं उद्घाटन झालं. राजांची कोणती मालमत्ता त्यांची स्वतःची आणि कोणती राज्याची, याच्या याद्या झाल्या. होळकरांच्या खासगीचं उत्पन्न सरकारजमा झालं, आणि त्या बदल्यात देवळांच्या आणि धर्मादायांच्या खर्चासाठी वर्षाला २,९१,९५२ रुपये कायमचे द्यायचं ठरलं. २७ जून १९६२ रोजी या धर्मादायांसाठी न्यास झाला. त्याच्या नावात काय आहे? खासगी! खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट. पुढे काही मिळकतींच्या व्यवहारांवरून वाद झाला, तो इंदूरच्या खंडपीठातून दिल्लीला गेला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की या न्यासाला मध्य प्रदेशचा १९५१ चा पब्लिक ट्रस्ट कायदा लागू आहे, त्याने त्याखाली नोंदणी करावी. आपल्या राज्यात त्या कायद्याचं हिंदी नाव लोक न्यास अधिनियम.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खासगी ही पब्लिक आहे. हे वाक्य इंग्रजीत वाचणाऱ्याला कोडं वाटेल. आपल्याला वाटू नये. अडीचशे वर्षांपूर्वी महेश्वरात जे घडत होतं, त्याला न्यायालयाने कायद्याच्या भाषेत नाव दिलं. आणि त्यात तिसरा प्रश्नही आला, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पैसा कोणाचा, दार कोणाला उघडं, आणि हिशेब कोण मागू शकतो? अहिल्याबाईंच्या काळी खासगीचा हिशेब धनीणच पाहत होती, आणि ती इतकी काटेकोर होती की दुसऱ्या कोणी मागायची वेळ आली नाही. पण प्रत्येक पिढीत अहिल्याबाई जन्माला येत नाहीत. म्हणून नोंदणी लागते, वही लागते, ती वही उघडायला लावणारा कायदा लागतो.

आता पब्लिककडे वळू. हा शब्द आणखी अवघड, कारण इंग्रजीतच त्याचे अर्थ एकमेकांशी भांडतात. आपल्याच किल्ल्यावर चला. १८९७ साली माधवराव महाराजांनी तिथे शाळा काढली, नाव सरदार स्कूल. सरदारांच्या मुलांसाठी. १९३३ मध्ये ती पब्लिक स्कूल झाली आणि सिंधिया स्कूल हे नाव आलं. पब्लिक झाली म्हणजे सरकारी झाली का? फुकट झाली का? मुळीच नाही. फी भरण्याची ऐपत असलेल्या, सरदार नसलेल्या घरांनाही ती उघडली, एवढाच अर्थ. विलायतेत घरी शिक्षक ठेवून शिकणं प्रायव्हेट, आणि चार घरांच्या मुलांनी एकत्र शिकणं पब्लिक, असा तो जुना भेद. आपल्याकडे मात्र मोठ्या फीची पाटी म्हणून तो शब्द गल्लोगल्ली लागला. कंपन्यांचंही तेच. पब्लिक लिमिटेड कंपनीचे शेअर कोणीही विकत घेऊ शकतो, म्हणून ती पब्लिक. पण वर्तमानपत्रात तिची गणती खासगी क्षेत्रात होते. पब्लिक सेक्टर मात्र सरकारी. एकच शब्द, एकदा त्याचा अर्थ सर्वांना खुलं, एकदा सरकारच्या मालकीचं. या गोंधळाला आपण जबाबदार नाही. पण आपण तो तसाच उचलला.

मराठीने मात्र पब्लिकसाठी सार्वजनिक हा शब्द घेतला आणि त्यात स्वतःची भर घातली. ही भर पुण्यात पडली, आणि तिची सुरुवात एका देवळाच्या हिशेबावरून झाली. पर्वतीचं देवस्थान पेशव्यांनी उभारलेलं. पेशवाई गेल्यावर कारभार पंचांकडे, आणि कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी. गाऱ्हाणं घेऊन जाणाऱ्यांना सरकारने विचारलं, तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. जरा डोळ्यांसमोर आणा. वकिली करणारे गणेश वासुदेव जोशी पेठेपेठेतून माणसं जमवतायत, कागद पुढे करतायत, पन्नास माणसं आपल्या वतीने बोलायचा अधिकार एकाला लिहून देतायत. मतदानाचा हक्क सर्वसामान्य माणसाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. या माणसाला लोक पुढे सार्वजनिक काका म्हणू लागले. एका विशेषणाने काका मिळवला, इतका तो शब्द घरचा झाला.

या सार्वजनिकात सरकार कुठे आहे? कुठेच नाही. म्हणूनच मी म्हणतो, मराठीने भर घातली. सार्वजनिक म्हणजे चार लोकांनी मिळून स्वतः उभं केलेलं, ज्याचा जाब चार लोक विचारू शकतात.

आता खासगीवाल्यांकडे परत येऊ. १८९२ साली त्या घराण्यातले कृष्णाजीपंत खासगीवाले पुण्याहून आपल्या ग्वाल्हेरला आले होते. इथे दरबाराचा गणेशोत्सव त्यांनी पाहिला. मोठ्या थाटाचा, आणि गावाला खुला. पुण्यात गेल्यावर त्यांनी ते भाऊसाहेब रंगारी आणि इतर मित्रांना सांगितलं, आणि त्यातून पुण्यात सार्वजनिक गणपती बसू लागले, असं पुणेकर स्वतः नोंदवत आले आहेत. लोकमान्यांनी १८९३ मध्ये केसरीतून त्याला उचलून धरलं आणि पुढच्या वर्षीपासून तो महाराष्ट्रभर पसरला. पहिला गणपती कोणाचा, या पुण्यातल्या वादात मी शिरत नाही. मला यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ग्वाल्हेरचा उत्सव सर्वांना खुला होता, पण खर्च दरबाराचा होता. पुण्याने दार उघडं ठेवलं आणि खर्चाची बाजू बदलली. दरबाराऐवजी वर्गणी आली. वर्गणीची पावती फाडली की देणाऱ्याला विचारायचा हक्क मिळाला, माझ्या पैशाचं काय केलंत? विसर्जनानंतर मंडळाच्या फळ्यावर जमाखर्च लागतो ना, आरतीच्या तबकातली रक्कम, मांडववाल्याचं बिल, प्रसादाचे नारळ, शिल्लक इतकी. तो फळा हा मराठी सार्वजनिकपणाचा गाभा आहे. ज्या मंडळाचा फळा लागत नाही, तो गणपती कितीही उंच असला तरी मी त्याला सार्वजनिक म्हणणार नाही.

पण थांबा. आतापर्यंत मी सांगितलं ते ऐकून वाटेल, की आपल्याकडे सगळं ठीकच होतं. सार्वजनिक हा शब्द होता, पण त्यातले सर्वजन कोण? पर्वतीच्या देवळात कोणाला प्रवेश होता? अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायऱ्यांवर कोणाचा पाय चालत नव्हता? महात्मा फुल्यांचं शेवटचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये छापलं गेलं, त्याचं नाव सार्वजनिक सत्यधर्म. त्यांनी हा शब्द निवडला तो, सर्वजनांत खरोखरच सर्व स्त्री-पुरुष यावेत म्हणून. तोपर्यंत तो शब्द अर्धाच होता.

प्रायव्हेट आणि पब्लिक या दोन शब्दांवर माणसांची तहान टांगलेली होती, असा आपल्या इतिहासातला एक खटला आहे. तो प्रत्येक मराठी माणसाने वाचला पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून किंवा सार्वजनिक निधीतून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच जानेवारीत आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं पब्लिक झालं. प्रत्यक्षात कोणाची पाण्यापर्यंत जायची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे मारहाण झाली, तळं गोमूत्राने शुद्ध केलं गेलं, हे आपण जाणता.

त्यानंतर काय झालं? डिसेंबरात दुसरी परिषद भरणार होती. ती भरायच्या आधी महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला, आणि दाव्यात म्हटलं काय? हे तळं पब्लिक नाही. ते खासगी आहे; आमचं, भोवतालच्या स्पृश्यांचं, पूर्वापार आमच्या वहिवाटीचं. ज्या तळ्यावर मुसलमान येतो, ख्रिस्ती येतो, गुरं येतात, ते तळं एका सकाळी खासगी झालं, कारण महार पाणी प्याला होता. शब्द किती झटकन कपडे बदलतो! बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. किती वर्षं? १९२७ च्या डिसेंबरापासून १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी दावेदारांना सिद्ध करता आलेली नाही. पाण्याची एक ओंजळ पब्लिक आहे, हे ठरायला दहा वर्षं लागली.

आणि मग राज्यघटनेचं पंधरावं कलम वाचा. त्यातल्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. पब्लिक कशाला म्हणायचं? जे पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशातून चालतं ते, किंवा जे सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेलं आहे ते. हे दुसरं 'किंवा' फार मोलाचं आहे. त्यातल्या पहिल्या अर्ध्यात बोले ठराव आहे, महाडचं तळं आहे. दुसऱ्या अर्ध्यात अहिल्याबाईंचा घाट आहे. पैसा खासगी असो. एकदा तो जनतेला वाहिला, की त्याच्या दारात कोणाला अडवता येणार नाही. आपल्या घटनेने मराठी खासगीतलं जे उत्तम ते ठेवलं आणि त्यातला भेदाभेद काढून टाकला, असं मी याला म्हणतो.

संगीताबद्दल थोडं बोलल्याशिवाय ग्वाल्हेरात भाषण पुरं होत नाही. इथली विद्या किती खासगी होती, त्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. बडे महंमद खाँ यांची गायकी हस्सू-हद्दू खाँ यांनी पडद्याआड बसून ऐकली आणि गळ्यात उतरवली, असं सांगतात. विद्या खास, आणि ती ऐकायला पडदा लागायचा! त्याच परंपरेचं गाणं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या वासुदेवबुवा जोशींकडून घेऊन महाराष्ट्रात गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कोणा राजाच्या खासगीतून नाही. लोकांच्या देणग्यांवर आणि तिकिटांवर. इथे १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी विद्यालय उघडलं, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय झालं. घराण्याचे जाणते लोक म्हणाले असतील, विद्या चव्हाट्यावर आली. आली, म्हणून टिकली.

आता शेवटचा भाग, आणि तो आजचा आहे. प्रायव्हेट शब्दाची मी इतका वेळ उलटतपासणी केली, पण त्याची एक बाजू आपल्या खासगीत नव्हती, ती आपण कृतज्ञतेने घेतली पाहिजे. एकट्या माणसाची बाजू. जुन्या खासगीत खासगी असायची धन्याची. नोकराला कसली खासगी? सुनेला कसली? त्या धन्याच्या खासगीचा शेवट पाहा. १९७० साली सर्वोच्च न्यायालयात संस्थानिकांच्या तनख्यांचा जो खटला गाजला, तो आपल्याच धाकट्या माधवराव शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश न्यायालयाने त्या डिसेंबरात रद्द केला, आणि पुढच्या वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेच गेले. ग्वाल्हेरला सुरुवातीला वर्षाला पंचवीस लाख ठरले होते. प्रिव्ही पर्स, त्यातलं प्रिव्ही हे प्रायव्हेटचंच भावंड. राजांची खासगी गेली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. धन्याचा मान शिपायापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली.

या हक्काला हिंदीत निजता म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं पुष्कळदा गोपनीयता म्हणतात, आणि तिथे माझा आक्षेप आहे. गोपनीय म्हणजे लपवायचं. ज्याला लपवायचं आहे त्यालाच हा हक्क हवा, असा त्यातून समज होतो. मुलीने आपली वही आईला दाखवली नाही, म्हणजे ती काही लपवते आहे असं नाही. ती वही तिची आहे. आपल्याकडे खासगीपणा हा चांगला शब्द आहे, तो वापरावा. लग्न ठरवताना पगार, वजन, आजार, मागचं सगळं चारचौघांत विचारणाऱ्या आपल्या घरांना या शब्दाची फार गरज आहे. एकीकडे माणसाची वही आपण उघडतो, आणि दुसरीकडे संस्थेची, देवळाची, मंडळाची वही मागितली की आमचा खासगी मामला म्हणतो. अगदी उलटं चाललं आहे. माणसाचं खासगी राहू द्या. चार लोकांच्या पैशाचं उघडं असू द्या.

आणि आता तुमच्याकडे एक मागणं आहे. या बाजारातल्या, गोठींतल्या, जनकगंज-दौलतगंजातल्या किती तरी मराठी घरांत माळ्यावर रुमालात बांधलेली मोडी दप्तरं आहेत. रोजकीर्दी, खतावण्या, ताळेबंद, सनदा, पत्रं. ती तुमची खासगी मालमत्ता आहे, त्यात शंका नाही. पण १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, पुढे असे बावीस खंड झाले, ते अशाच घरांनी माळे उघडले म्हणून. कागद हातचे सोडू नयेत असं वाटत असेल तर सोडू नका. त्यांची छायाचित्रं काढू द्या, मोडी जाणणाऱ्यांना वाचू द्या, आणि एक प्रत ग्रंथालयात ठेवा. मोडी वाचणारी माणसं या सभागृहातही चार-पाच तरी बसलेली असतील. वाळवी आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाहीत. येत्या दसऱ्याला शस्त्रांबरोबर पोथ्यांची पूजा कराल, तेव्हा ते रुमाल खाली उतरवा आणि व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना निरोप धाडा.